कार्ड जळलेलं नसतं

कवितेच्या माणसानं लॅपटॉपच्या वायफायवर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आमच्या मोहल्ल्यातली मुलं जुने लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. कुणाला तो थोरल्या भावाकडून मिळालेला असतो, कुणी जुन्या बाजारातून आणलेला असतो. नवं विंडोज त्याला पेलत नाही, म्हणून लिनक्स टाकलेलं असतं. बाकी सगळं चालतं, पण "चाचा, याच्यात वायफायच दिसत नाही!" कुणीतरी सांगितलेलं असतं की, कार्ड जळलंय. मग धडधाकट यंत्र माळ्यावर जातं आणि परीक्षेचा अर्ज भरायला पोरगं दुसऱ्याच्या दारात उभं राहतं.

बऱ्याचदा कार्ड जळलेलं नसतं. त्याला हवी असलेली एक छोटी फाईल मिळालेली नसते, इतकंच.

वायफाय कार्ड हा एक छोटा संगणकच असतो. तो चालायला दोन गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉप आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. दुसरी फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा कार्यक्रम. पुष्कळ कार्डांना तो स्मरणात ठेवता येत नाही. दर वेळी सुरू होताना ड्रायव्हरनं तो भरावा लागतो. विंडोजमध्ये कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर तो आपोआप येतो, त्यामुळे आपल्याला पत्ताही लागत नाही.

ब्रॉडकॉमच्या ४३ मालिकेतल्या चिपांचं उदाहरण घ्या. २००५च्या आसपासच्या अनेक लॅपटॉपांत त्या होत्या. कंपनीनं लिनक्ससाठी ना खुला ड्रायव्हर दिला, ना चिपची माहिती. तेव्हा स्वयंसेवकांनी कामाची वाटणी केली. एका गटानं कंपनीचा उपलब्ध ड्रायव्हर तपासून चिप कशी वागते, ते लिहून काढलं. दुसऱ्या गटानं मूळ ड्रायव्हर न पाहता, फक्त ते टिपण वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये, म्हणून ही खबरदारी. तो ड्रायव्हर २००६ साली लिनक्सच्या गाभ्यात आला आणि जानेवारी २००८मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती 'बी४३' आली.

दुभाषा मिळाला, पण फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं. ते वाटायची परवानगी नाही. म्हणून डेबियनसारख्या वितरणात ते आयतं मिळत नाही. डेबियननं २०२२ साली मतदान घेऊन मालकीच्या फर्मवेअरला स्थापनेच्या संचात जागा दिली आणि २०२३च्या डेबियन १२पासून अनेक कार्डं लगेच चालू लागली. मात्र जे वाटायलाच परवानगी नाही, ते त्या संचातही येऊ शकलं नाही. कंपनीनं २०१० साली खुला ड्रायव्हर दिला, तोही नव्या चिपांसाठी.

आता करायचं काय? आधी लॅपटॉपच्या कडेला वायरलेसचं बटण आहे का, ते पाहा. 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दिली की, कार्ड बटणानं बंद आहे की सॉफ्टवेअरनं, ते कळतं. मग 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएन' या पर्यायासह द्या. चौकटी कंसात कार्डाचा क्रमांक दिसेल. सुरुवात '१४ई४' अशी असेल, तर चिप ब्रॉडकॉमची. त्यानंतर 'डीमेसेज' ही आज्ञा देऊन कार्डाविषयीच्या ओळी वाचा. कोणती फर्मवेअर फाईल सापडली नाही, हे यंत्र तिथे स्पष्ट सांगतं.

'४३११'सारख्या चिपसाठी डेबियनमध्ये 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' हे पॅकेज आहे. ते कंपनीच्या ड्रायव्हरची फाईल इंटरनेटवरून आणतं आणि त्यातून फर्मवेअर कापून काढतं. म्हणजे वायफाय चालायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला वायफाय! यावर उपाय सोपा आहे. राउटरची केबल थेट लॅपटॉपला लावा, किंवा मोबाइल यूएसबीनं जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. पॅकेज बसलं की लॅपटॉप पुन्हा सुरू करा. त्याच मालिकेतल्या काही चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो. म्हणून क्रमांक पाहिल्याशिवाय हात घालू नये.

आणखी एक. अशी पुष्कळ जुनी कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल, तर चालू कार्डालाही तो दिसणार नाही.

एवढं करूनही जमलं नाही, तर यूएसबीचं छोटं वायफाय कार्ड घ्यावं. त्यात कमीपणा नाही. पण त्याआधी मुलाला शेजारी बसवा, पडद्यावरची ती ओळ त्यालाच वाचायला लावा. पुढच्या वेळी मित्राचा लॅपटॉप अडला, तर तो माझ्याकडे येणार नाही. स्वतःच केबल काढून बसेल.