वीज गेल्यानंतरचे काही मिलिसेकंद

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मोठ्या डेटा सेंटरांचे जनरेटर अशाच वेळेसाठी असतात. पण सीएच्या ऑफिसात किंवा दवाखान्याच्या माळ्यावर जो एकुलता एक सर्व्हर घरघरत असतो, त्याच्या यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली हे कुणालाच सांगता येत नाही. अशा सर्व्हरमधल्या एसएसडीचं त्या क्षणी काय झालं असेल, हा प्रश्न ड्राइव्ह घेताना फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की टिकेल किती?

या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात मिळतं, म्हणून तो सगळ्यांचा लाडका. ‘डीडब्ल्यूपीडी’ म्हणजे वॉरंटी संपेपर्यंत रोज किती वेळा अख्खा ड्राइव्ह भरून लिहिता येईल, याचा कंपनीने दिलेला शब्द. ३.८४ टेराबाइटचा, १ डीडब्ल्यूपीडीचा ड्राइव्ह पाच वर्षांत सुमारे ७,००० टेराबाइट लिखाण सोसतो. घरगुती वापराच्या सॅमसंग ९९० प्रोच्या ४ टेराबाइटच्या मॉडेलला कंपनी २,४०० टेराबाइटची हमी देते. तिप्पट फरक, आणि तो किमतीतही दिसतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. तोशिबामधल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी घडवली. तिच्या पेशीत इलेक्ट्रॉन कोंडून माहिती साठवतात, आणि प्रत्येक पुसण्यागणिक पेशीभोवतीचा पातळ पापुद्रा थोडा झिजतो. एका पेशीत एकच बिट ठेवला तर ती लाखभर फेऱ्या काढते. तीन ठेवले तर काही हजारांवर येते. एवढं पुरे.

ज्यांना लिखाण जास्त लागतं त्यांच्यासाठी कंपन्या ३ डीडब्ल्यूपीडीचा वेगळा ड्राइव्ह विकतात. मायक्रॉनच्या ७४५० मालिकेत ‘प्रो’ ३.८४ टेराबाइटचा, तर ‘मॅक्स’ ३.२ टेराबाइटचा. आतली फ्लॅश त्याच जातीची. मॅक्समध्ये जास्त जागा राखीव ठेवलेली असते, म्हणून जुना मजकूर आवरताना ड्राइव्हचा कारभार पाहणाऱ्या चिपेला, म्हणजे कंट्रोलरला, कमी उचलाउचल करावी लागते आणि झीज घटते. जाणकार मंडळी प्रो घेतात, नवा असतानाच त्यातली थोडी जागा पार्टिशन न करता सोडून देतात, आणि बराचसा फायदा पदरात पाडून घेतात.

पण खरी गंमत आकड्यात नाही, ती झाकणाखाली आहे.

सर्व्हरचा जुना एसएसडी खोलून पाहावा. हिरव्या पाटीवर मेमरीच्या काळ्या चौकोनी चिपा, मधोमध कंट्रोलर, आणि एका कडेला ओळीने बसलेले पिवळे टँटलम कपॅसिटर. इंटेलच्या डीसी एस३७०० सारख्या काही मॉडेलांत त्यांच्याऐवजी दोन गुबगुबीत दंडगोल. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ही ओळ सहसा नसते. एम.२ आकाराचे सर्व्हरचे ड्राइव्ह नेहमीच्या ८० ऐवजी बहुधा ११० मिलिमीटर लांब असतात, त्याचं एक मोठं कारण हे कपॅसिटरच.

त्यांचं काम वीज गेल्यावर सुरू होतं. कोणता मजकूर फ्लॅशमध्ये नेमका कुठे ठेवलाय, याचा नकाशा एसएसडी रॅममध्ये बाळगतो. नुकतं आलेलं लिखाणही काही क्षण तिथेच असतं. वीज तुटली की रॅम कोरी होते. कपॅसिटरमधली शिदोरी जेमतेम काही मिलिसेकंदांची, पण तेवढ्यात कंट्रोलर सगळं फ्लॅशवर उतरवून मोकळा होतो. २०१३ साली डेटा साठवणुकीवरच्या ‘फास्ट’ परिषदेत अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग मांडला होता. त्यांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडली. १३ ड्राइव्हनी काही ना काही घोळ घातला: कुठे मजकूर अर्धवट, कुठे लिखाणाचा क्रम उलटापालटा, तर एक ड्राइव्ह कायमचा मेला.

या कपॅसिटरांचा दुसरा फायदा दुकानात सहसा कुणी सांगत नाही. डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर ड्राइव्हला बजावतो, ‘पक्कं लिहिलंस का ते सांग, मगच पुढे जातो.’ साध्या ड्राइव्हला तेव्हा खरोखर फ्लॅशपर्यंत जावं लागतं. कपॅसिटरवाला रॅममध्ये घेतल्या घेतल्या ‘झालं’ म्हणतो, कारण शब्द पाळायची सोय त्याच्याकडे आहे. म्हणून जाहिरातीत सेकंदाला सात हजार मेगाबाइट मिरवणारा घरगुती ड्राइव्ह बिलिंगच्या सर्व्हरमध्ये रडतो, आणि कागदावर मंद दिसणारा सर्व्हरचा ड्राइव्ह त्याला सहज मागे टाकतो. कपॅसिटर हे विम्याचं साधन समजून लोक टाळतात; ते वेगाचंही साधन आहे.

अर्थात नुसते कपॅसिटर तारून नेत नाहीत. इंटेलच्या ३२० मालिकेत ते होते, तरीही २०११ मध्ये वीज अचानक गेल्यावर त्यातले काही ड्राइव्ह स्वतःला ८ मेगाबाइटचे समजू लागले! चूक फर्मवेअरची होती आणि ती दुरुस्तही झाली. याहून थरारक किस्सा २०१९ चा. सर्व्हर विकणाऱ्या एचपीई कंपनीने ग्राहकांना कळवलं, की काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि डेटा परत मिळणार नाही. संगणकाच्या गणितात हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तासांची नोंद ठेवणारा रकानाच ओसंडत होता. पुढच्याच वर्षी ४०,००० तासांचा दुसरा इशारा आला. जुलै २०२२ मध्ये हॅकर न्यूज हे संकेतस्थळ काही तास बंद पडलं: मुख्य सर्व्हरचे ड्राइव्ह गेले आणि पाठोपाठ राखीव सर्व्हरचेही. सगळ्यांचं वय साडेचार वर्षांच्या आसपास, म्हणजे ४०,००० तासांच्या घरात. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून काढून, एकमेकांना आधार म्हणून ‘रेड’मध्ये जोडलेले ड्राइव्ह मरतातही एकत्र.

झिजेचं भय त्यामानाने फुगवलेलं आहे. गूगलच्या डेटा सेंटरांमधल्या सहा वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात महागड्या एसएलसीचे (पेशीत एकच बिट) ड्राइव्ह स्वस्त एमएलसीपेक्षा (पेशीत दोन बिट) अधिक भरवशाचे ठरले नाहीत, आणि लिखाण कितीही झालेलं असो, ड्राइव्हच्या नुसत्या वयाचाही बिघाडाशी संबंध दिसला. हिशेबही तेच सांगतो: रोज ३०० गिगाबाइट लिखाण होणाऱ्या सर्व्हरला वरचा ७,००० टेराबाइटचा ड्राइव्ह कागदोपत्री साठ वर्षं पुरेल. तिथे ३ डीडब्ल्यूपीडीसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. व्हिडिओ रेकॉर्डिंग, मोठी लॉग यंत्रणा किंवा कॅश सर्व्हर असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा खरेदीला जाताना क्रम उलटा लावावा. माहितीपत्रकात आधी ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ शोधावं. ते नसेल तर पुढचे आकडे वाचूच नयेत. मग फर्मवेअर कुठून आणि किती वर्षं मिळणार ते विचारावं. डीडब्ल्यूपीडी त्यानंतर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सर्व्हरचा वापरलेला ड्राइव्ह घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दुकानदाराला ड्राइव्हची तब्येत दाखवणारा ‘स्मार्टसीटीएल’ हा प्रोग्राम चालवायला सांगावं आणि ‘पॉवर ऑन अवर्स’ व ‘पर्सेंटेज यूज्ड’ या दोन ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचाव्यात. तो दाखवायला कां-कूं करू लागला, तर शेजारचं दुकान उघडंच असतं.