मैल, हप्ता आणि दार

सकाळी ८.००
फ्रीमॉन्टला टेस्लाचा कारखाना मागे पडतो, पुढे न्यूअर्कला ल्युसिडचं मुख्यालय. या दोघांपुढे आमची इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी पोरसवदाच. टेस्लाने २००८ साली महागडी रोडस्टर आणली, २०१२ला मॉडेल एस, आणि २०१७ला कुठे मॉडेल ३. आधी महाग, मग स्वस्त, हा जिना आम्हीही धरलाय. तेव्हा त्यावर गर्दी नव्हती, एवढाच फरक.

९.३०
विक्रीवाल्यांची बैठक. ३० सप्टेंबर २०२५ला इलेक्ट्रिक गाड्यांवरची अमेरिकी सरकारची ७,५०० डॉलरची सवलत संपली. ५५ हजारांवरची सेदान विकत घेणाऱ्याला ती तशीही मिळत नसे. लीजला मात्र किमतीची अट नव्हती, म्हणून आमची बहुतेक गिऱ्हाइकं लीजवाली. आता ३६ महिन्यांच्या लीजचा हप्ता दोनशेवर डॉलरने चढलाय. श्रीमंत माणूस हप्ता बघत नाही, हा आपला मध्यमवर्गीय समज. किंमत उतरवा, विक्रीवाले म्हणतात. फायनान्सवाल्या बाई मान वर न करता ‘नाही’ म्हणतात. डायसनने पन्नास कोटी पौंड घालवून २०१९ साली गाडीचा नाद सोडला, तो असल्याच हिशोबापायी.

११.००
दिवसातला खरा वाद: नव्या एसयूव्हीची बॅटरी केवढी? विक्रीला माहितीपत्रकावर छापायला ४५० मैल हवेत. ल्युसिडची एअर प्युअर ८४ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर ४२० मैल जाते. हमर ईव्हीची बॅटरी दोनशेहून मोठी, तरी ती तिथवर पोचत नाही. मोटर आणि हवेचा विरोध यांवर घाम गाळला की बॅटरी लहान होते, वजन घटतं, पैसे वाचतात. पण ही हुशारी शोरूममध्ये दिसत नाही, दिसतो तो मैलांचा आकडा.

मग दोन बॅटऱ्या ठेवू, असा तोडगा निघाला. मी अडून बसलो. दोन बॅटऱ्या म्हणजे चाचण्या दुप्पट, सुट्या भागांचा साठा दुप्पट. वर्षाला काही हजार गाड्या करणाऱ्याने असले लाड करू नयेत. दीड वाजता एकच ठरली, ३५० मैलांची. विक्रीप्रमुख जेवायला आले नाहीत.

३.००
डॅशबोर्डच्या लाकडाचे नमुने. दोन रद्द.

४.३०
सर्व्हिसचा अहवाल. रेंजबद्दल एकही तक्रार नाही. चावी खिशात असूनही दार उघडत नाही, ही मात्र पानोपानी. लाखभर डॉलर मोजलेला माणूस पावसात स्वतःच्याच गाडीभोवती फेऱ्या मारतोय.

रात्री ९.००
पुण्यात सकाळचे साडेनऊ. सॉफ्टवेअरची टीम तिथे बसते.

“दाराचं झालंय सर, पण ब्लूटूथ सतत जागं ठेवावं लागतंय. उभ्या गाडीची बॅटरी थोडी जास्त उतरेल.”

“उतरू दे. दार उघडलं पाहिजे. सोमवारी आधी पन्नास गाड्यांवर पाठवा.”

“सोमवारपासून दिवाळीची सुट्टी आहे, सर.”

“मग शुक्रवारी.”