प्रतिलेखनाचे नियमन आणि विषाणू

डीएनएच्या रेणूत साठविलेल्या माहितीवरून आरएनएचा रेणू तयार होण्याच्या क्रियेस प्रतिलेखन असे म्हणतात. कोणत्या जनुकाचे प्रतिलेखन कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती प्रमाणात व्हावे हे ठरविणाऱ्या यंत्रणेस प्रतिलेखनाचे नियमन म्हणतात. मानवी शरीरातील यकृताची पेशी आणि मेंदूतील चेतापेशी यांमधील डीएनए जवळजवळ सारखाच असतो. मानवाच्या सुमारे २०,००० प्रथिन-जनुकांपैकी कोणती वाचली जातात आणि कोणती मिटलेली राहतात, यावरून त्या दोन पेशी एकमेकींपासून इतक्या वेगळ्या ठरतात. विषाणूंना स्वतःची पेशी नसते. त्यामुळे त्यांपैकी अनेकांना आपल्या जनुकांच्या वाचनासाठी यजमान पेशीची हीच यंत्रणा ताब्यात घ्यावी लागते.

‘प्रतिलेखन’ या शब्दाचा मूळ अर्थ एका लेखावरून दुसरी प्रत उतरविणे असा आहे. जुन्या पोथ्यांच्या प्रती लेखनिक करीत, त्या कामाशी या क्रियेचे साम्य आहे. मूळ ग्रंथ जागेवरून हलत नाही, गरजेपुरत्या अध्यायाची प्रत तेवढी बाहेर जाते. मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. लेखनिकाला काय लिहावे हे कळत असते. पेशीत असा कोणी जाणता नसतो. तेथे रेणूंचे एकमेकांना चिकटणे आणि सुटणे एवढेच घडते, आणि त्यातूनच ‘निर्णय’ होतो.

जीवाणूंमधील नियमन

नियमनाचा पहिला सुस्पष्ट नमुना एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील जीवाणूत सापडला. या जीवाणूला ग्लुकोज आणि लॅक्टोज अशा दोन्ही शर्करा दिल्या, तर तो आधी ग्लुकोज संपवितो आणि मग लॅक्टोजकडे वळतो. लॅक्टोजचे विघटन करणारे विकर तो आधीपासून मोठ्या प्रमाणावर बनवून ठेवीत नाही. पॅरिसमधील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रांस्वा झाकॉब आणि झाक मोनो यांनी या वर्तनाचा उलगडा करून १९६१ मध्ये ओपेरॉनची संकल्पना मांडली. लॅक्टोजच्या पचनासाठी लागणारी तीन जनुके डीएनएवर शेजारी शेजारी असतात. त्यांच्या आरंभी डीएनएचा एक छोटा भाग असतो आणि त्यावर एक अवरोधक प्रथिन बसलेले असते. त्यामुळे आरएनए पॉलिमरेझ या विकराला पुढे जाता येत नाही. लॅक्टोज पेशीत शिरल्यावर त्यापासून बनलेला एक रेणू अवरोधकाला चिकटतो, अवरोधकाचा आकार बदलतो, तो डीएनएवरून सुटतो आणि वाचन सुरू होते. या स्थितीत विकराचे प्रमाण सुमारे हजार पटींनी वाढते. झाकॉब व मोनो यांना त्यांचे ज्येष्ठ सहकारी आंद्रे ल्वॉफ यांच्यासह १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर हा अवरोधक कोणी प्रत्यक्ष वेगळा केलेला नव्हता. ते काम वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये केले.

ल्वॉफ यांचा या पारितोषिकातील वाटा ध्यानात घेण्यासारखा आहे, कारण ते विषाणूंचे अभ्यासक होते. जीवाणूंना ग्रासणारे काही विषाणू पेशीत शिरूनही तिला मारीत नाहीत. ते तिच्या डीएनएत मिसळून पिढ्यानपिढ्या स्वस्थ राहतात आणि एखाद्या दिवशी एकाएकी जागे होतात. लॅम्डा हा त्यांतील सर्वांत अभ्यासलेला विषाणू होय. त्याचे एक प्रथिन अवरोधकाचे काम करते आणि विषाणूची बाकीची जनुके मिटवून ठेवते. जंबुपार किरणांनी जीवाणूच्या डीएनएला इजा झाली की पेशीच्या दुरुस्ती यंत्रणेच्या प्रभावाने हा अवरोधक तुटतो. विषाणू सक्रिय होतो आणि डळमळीत झालेली पेशी फोडून बाहेर पडतो. म्हणजे जीवाणू साखरेसाठी जी युक्ती वापरतो तीच विषाणू त्याच्याविरुद्ध वापरतो. दोन्ही शोध एकाच संस्थेत, जवळजवळ एकाच काळात लागले, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

केंद्रकी पेशींतील नियमन

प्राणी, वनस्पती व कवके यांच्या पेशींत हे काम अधिक गुंतागुंतीचे असते. मानवाच्या एका पेशीतील डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि प्रत्येक गुंडाळीत सुमारे १४७ क्षारक-जोड्या असतात. घट्ट गुंडाळलेला भाग वाचता येत नाही. हिस्टोनांना अॅसिटिल गट जोडले गेले की गुंडाळी सैल होते, ते काढले की ती पुन्हा आवळते.

गुंडाळी सैल झाल्यावर जनुकाच्या आरंभीच्या प्रवर्तक भागावर अनेक प्रथिने क्रमाने जमतात आणि आरएनए पॉलिमरेझ-२ ला तेथे बसवितात. मानवी पेशीतील हे विकर १२ प्रथिनांचे बनलेले असून त्यांपैकी सर्वांत मोठ्या प्रथिनाला एक लांब शेपूट असते. या शेपटीत सात अमिनो आम्लांचा एकच अनुक्रम थोड्याफार फरकाने ५२ वेळा येतो. शेपटीवर कोणत्या जागी फॉस्फेट गट लागले आहेत, यावरून विकराने आरंभ केला आहे की ते पुढे चालले आहे हे इतर प्रथिनांना ‘कळते’. पॉलिमरेझची रचना आणि कार्य उलगडल्याबद्दल रॉजर कोर्नबर्ग यांना २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

प्रवर्तकापासून हजारो क्षारकांच्या अंतरावरून प्रतिलेखन वाढविणारे डीएनएचे भागही असतात. त्यांना वर्धक म्हणतात. पहिला वर्धक १९८१ मध्ये एसव्ही-४० या माकडांच्या विषाणूत सापडला आणि त्यानंतर तसे भाग प्राण्यांच्या स्वतःच्या जनुकांजवळही आढळले. याआधी १९७७ मध्ये आरएनएतील मधले तुकडे कापून टाकले जातात हा शोध अॅडिनोव्हायरस या विषाणूवरील प्रयोगांतूनच लागला होता. पेशीविषयीचे कितीतरी ज्ञान असे विषाणूंच्या वाटेने आलेले आहे.

दीर्घकाळ असा समज होता की पॉलिमरेझ प्रवर्तकावर बसले की पुढचे काम आपोआप होते. फळमाशीच्या उष्णताजन्य ताणाच्या जनुकांचा अभ्यास करताना जॉन लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८० च्या दशकात वेगळेच दिसले. पॉलिमरेझने वाचनाला आरंभ केलेला असतो, परंतु साधारण २० ते ६० न्यूक्लिओटाइडे जोडून ते अडून राहते. ताण आला की ते सुटते आणि क्षणार्धात धावू लागते. पुढे मानवी पेशींतील बऱ्याच जनुकांवर हा थांबा असल्याचे दिसून आले. थांब्यावर दोन प्रथिन-संकुले पॉलिमरेझला रोखून धरतात. पी-टेफ-बी नावाचे तिसरे संकुल येऊन रोखणाऱ्यांना व पॉलिमरेझच्या शेपटीला फॉस्फेट गट जोडते, तेव्हा वाट मोकळी होते. पी-टेफ-बीमध्ये सीडीके-९ हे विकर आणि सायक्लिन-टी हे त्याचे जोडीदार प्रथिन असते. हे संकुल पेशीत मोकाट फिरत नाही. त्याचा बराचसा भाग ७-एसके नावाच्या एका लहान आरएनएने निष्क्रिय करून राखून ठेवलेला असतो.

विषाणूंच्या तऱ्हा

नियमनाच्या जवळपास प्रत्येक पायरीवर कोणता ना कोणता विषाणू घाव घालतो. नागीण गटातील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू आपल्या कणातच व्हीपी-१६ हे प्रथिन घेऊन येतो. ते पेशीच्या दोन प्रथिनांशी जुळून विषाणूची पहिली जनुके चालू करते. अॅडिनोव्हायरसचे ई-१-ए आणि मानवी पॅपिलोमा विषाणूचे ई-७ ही प्रथिने पेशीच्या ‘आरबी’ या संयमी प्रथिनाला बाजूला सारतात. त्यामुळे ई-२-एफ हा प्रतिलेखन घटक मोकळा होतो आणि पेशी विभाजनाच्या मार्गाला लागते. पॅपिलोमाच्या बाबतीत याची परिणती पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगात होऊ शकते. पोलिओचा विषाणू तर कशाचाही उपयोग करून घेण्याच्या भानगडीत पडत नाही. त्याचे प्रथिने तोडणारे विकर प्रतिलेखन घटकांचेच तुकडे करते.

इन्फ्लुएन्झाची रीत निराळी आणि काहीशी विनोदी आहे. या विषाणूचा जनुकसंच आरएनएचा असून आठ तुकड्यांत विभागलेला असतो आणि त्याच्या वाचनासाठी त्याचे स्वतःचे पॉलिमरेझ असते. असे असूनही डेथ कॅप या विषारी भूछत्रातील अमॅनिटिन या द्रव्याने पेशीचे पॉलिमरेझ-२ बंद पाडले तर इन्फ्लुएन्झाची वाढ थांबते. हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. पेशीच्या प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या आरंभी एक रासायनिक टोपी असते, तिच्यावाचून प्रथिननिर्मितीची यंत्रणा आरएनएला ओळखीत नाही. इन्फ्लुएन्झाला अशी टोपी बनविता येत नाही. म्हणून तो पेशीच्या नुकत्याच तयार होऊ लागलेल्या आरएनएचे टोपीसह १० ते १३ न्यूक्लिओटाइडांचे टोक कापतो आणि त्यापुढे आपला मजकूर जोडतो. पेशीचे पॉलिमरेझ बंद असेल तर टोप्याच मिळत नाहीत. ही चोरी रोखणारे बॅलोक्झाव्हिर हे औषध २०१८ मध्ये जपान व अमेरिकेत मान्यता पावले.

एचआयव्ही आणि टॅट प्रथिन

एड्सला कारणीभूत असलेला एचआयव्ही-१ हा विषाणू १९८३ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच वेगळा करण्यात आला. तो आपल्या आरएनएची डीएनएत नक्कल करून ती टी-पेशीच्या गुणसूत्रात कायमची जोडतो. यानंतर पेशीच्या दृष्टीने ते तिच्याच जनुकांपैकी एक जनुक असते. त्याच्या प्रवर्तकावर पेशीच्याच घटकांसाठी जागा असतात. विशेषतः एनएफ-कप्पा-बी हा घटक टी-पेशी एखाद्या जंतूविरुद्ध उद्दीपित झाली की केंद्रकात शिरतो आणि विषाणूचा प्रवर्तकही चालू करतो. शरीर रोगाशी लढावयास उभे राहते, तेव्हाच विषाणूलाही बळ मिळते. एचआयव्ही-१ च्या बहुतेक उपप्रकारांत या घटकासाठी दोन जागा असतात. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या सी उपप्रकारात सामान्यतः तीन असतात. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील संशोधकांनी भारतातील काही नमुन्यांत चार जागा असल्याचे दाखविले आहे.

प्रवर्तक चालू झाला तरी वर सांगितलेला थांबा विषाणूलाही चुकत नाही. टॅट प्रथिनाच्या अभावी पॉलिमरेझ साधारण साठ न्यूक्लिओटाइडांनंतर अडखळते आणि बहुतेक प्रती अर्धवट राहतात. मात्र या आरंभीच्या आरएनएची केसपिनेसारखी घडी पडते. तिला टार म्हणतात. टॅट हे सुमारे शंभर अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन टारला चिकटते आणि पेशीचे पी-टेफ-बी संकुल तेथे ओढून आणते. ७-एसकेच्या ताब्यात राखून ठेवलेले पी-टेफ-बीही ते सोडवून घेते. मग पॉलिमरेझ थेट शेवटपर्यंत जाते. पूर्ण प्रती तयार झाल्या की त्यांपासून आणखी टॅट बनते आणि चक्राचा वेग वाढतो. अर्धवट आरएनएच्या घडीला धरून पॉलिमरेझला पुढे काढण्याची अशीच युक्ती लॅम्डाचे एन हे प्रथिनही वापरते, जरी या दोन विषाणूंचे कसलेही नाते नाही.

टॅटला साथ देणाऱ्या सायक्लिन-टी-१ ची ओळख १९९८ मध्ये पटली आणि एक जुने कोडेही त्याबरोबर सुटले. उंदराच्या पेशींत टॅट नीट काम करीत नाही. उंदराच्या सायक्लिन-टी-१ मध्ये २६१ व्या स्थानी सिस्टीनऐवजी टायरोसीन हे अमिनो आम्ल असते, म्हणून टॅट व टार यांच्याशी त्याचा मेळ बसत नाही. एका अमिनो आम्लाने उंदराला या विषाणूपासून मिळालेल्या संरक्षणात असा भर घातला आहे. साध्या उंदरावर एड्सचे प्रयोग करता येत नाहीत यामागील कारणांपैकी हे एक होय.

पी-टेफ-बीला रोखले तर विषाणू थांबेल, हा विचार ओघानेच आला. फ्लेव्होपिरिडॉल हे द्रव्य सीडीके-९ ला अतिशय कमी मात्रेत रोखते आणि प्रयोगशाळेतील पेशींत एचआयव्हीचे प्रतिलेखन थांबविते. या द्रव्याची कथा महाराष्ट्राशी जोडलेली आहे. पश्चिम घाटातही वाढणाऱ्या डायसोझायलम बायनेक्टॅरिफेरम या वृक्षातून रोहितुकीन हे अल्कलॉइड मुंबईतील होक्स्ट इंडिया कंपनीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात मिळविले आणि त्याच्या रचनेवरून फ्लेव्होपिरिडॉल घडविण्यात आले. त्याच्या मानवी चाचण्या मुख्यतः रक्ताच्या कर्करोगावर झाल्या. एचआयव्हीवर ते औषध होऊ शकले नाही, कारण निरोगी पेशींनाही पी-टेफ-बी हवेच असते.

सुप्त साठा

एचआयव्हीवरील आजची औषधे विषाणूची नक्कल, जोडणी किंवा नव्या कणांची घडण रोखतात, परंतु गुणसूत्रात बसलेल्या विषाणूच्या प्रतिलेखनाला हात लावीत नाहीत. टी-पेशी उद्दीपनानंतर विश्रांत अवस्थेत गेली की एनएफ-कप्पा-बी केंद्रकाबाहेर राहतो, पी-टेफ-बी तुटपुंजे होते आणि हिस्टोनांची गुंडाळी आवळते. टॅट बनत नाही, म्हणून प्रतिलेखन होत नाही, आणि प्रतिलेखन होत नाही म्हणून टॅट बनत नाही. अशा पेशीत विषाणूचे एकही प्रथिन नसल्यामुळे प्रतिकारयंत्रणेला ती ओळखता येत नाही आणि औषधांना रोखण्यासारखे काही सापडत नाही. हा सुप्त साठा १९९७ मध्ये, प्रभावी संयुक्त औषधोपचार सुरू असलेल्या रुग्णांत आढळला. औषधे नियमित घेतली तरी तो निम्म्यावर येण्यास सुमारे ४४ महिने लागतात. औषधे थांबविली की बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परततो. रुग्णाला गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात त्या यामुळे.

या साठ्यावर दोन परस्परविरोधी उपाय सुचविले गेले आहेत. पहिल्यात झोपलेल्या विषाणूला मुद्दाम जागे करून मग त्या पेशी नष्ट करावयाच्या असतात. हिस्टोनांवरील अॅसिटिल गट टिकवून धरणारे व्होरिनोस्टॅट हे कर्करोगाचे औषध यासाठी वापरून पाहिले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्या विश्रांत टी-पेशींमधील विषाणूचा आरएनए वाढलेला दिसला. विषाणू जागा होतो हे त्यावरून सिद्ध झाले, पण पुढील चाचण्यांत साठा मात्र लक्षणीय घटला नाही. दुसऱ्या उपायात विषाणूला जागे न करता कायमचे निजवून ठेवण्याचा विचार आहे. समुद्री स्पंजातील द्रव्यावरून बनविलेले डायडिहायड्रो-कॉर्टिस्टॅटिन-ए हे टॅटला चिकटून त्याचे टारशी जुळणे रोखते. मानवी प्रतिकारपेशी रोपण केलेल्या उंदरांत हे द्रव्य दिल्यावर औषधोपचार थांबविल्यानंतर विषाणूचे परतणे लांबले, परंतु टळले नाही. टॅटवर थेट काम करणारे कोणतेही औषध अद्याप रुग्णांसाठी मान्यता पावलेले नाही.