परदेशातील हंगामी काम : सही करण्यापूर्वी

सोयाबीन निघाली की घरातील तरुण थोडा मोकळा होतो, आणि नानाखेड्याच्या बसस्थानकावर परदेशी नोकरीची गोष्ट सांगणारा कोणीतरी त्याला भेटतो. अशा दोन कुटुंबांनी आम्हाला कागद दाखविले. एकाचा निव्वळ पर्यटक व्हिसा निघाला. त्यावर मजुरी करता येत नाही. बयाण्यासाठी गहाण टाकलेले दोन बिघे अजून सुटलेले नाहीत.

ब्रिटनमध्ये फळे-भाज्यांच्या तोडणीसाठी सहा महिन्यांपर्यंतचा हंगामी व्हिसा खरोखरच मिळतो. मात्र त्याचे प्रायोजक म्हणजे तेथील सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या संस्था. एकटादुकटा मळेवाला नव्हे. काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून पैसे घेणे तेथे बेकायदेशीर आहे. व्हिसाशुल्क व विमानभाडे सहसा आपल्याच खिशातून जाते, आणि बायकामुलांना नेता येत नाही. मजुरीतून हे वजा जाता काय उरेल, ते आधी पाटीवर मांडून पाहावे. (हा हिशेब मुले टाळतात, आया मात्र करतात.)

शिकत शिकत काम करायचे, तर जपानशी २०१७ साली झालेल्या करारान्वये प्रशिक्षणार्थी पाठविले जाऊ लागले. त्यात शेतीही येते. आधी भाषा शिकावी लागते.

आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने भरती एजंटाला परवाना सक्तीचा केला. परवाना 'ई-मायग्रेट' या सरकारी यादीत तपासावा. त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व वर कर, तेही पावती घेऊनच. कागद इंग्रजीत असल्यास सहीपूर्वी आमच्याकडे आणावेत.