दत्तकविधान आणि रावसाहेब मंडलिक

१८६६ साली कोल्हापूरचे शिवाजी महाराज निवर्तले आणि त्यांच्या बहिणीचे पुत्र राजाराम महाराज दत्तकविधानाने गादीवर आले. शौनकाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या वचनानुसार मात्र बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक घेण्याची मोकळीक केवळ शूद्रांस आहे. राजघराण्याचा प्रश्न सरकारी मान्यतेने मिटे. सामान्य कुटुंबाचा वाद न्यायालयात जाई, आणि तेथे अशा एका वचनावर सारी मिळकत हातची जाण्याचा प्रसंग येई. अशा वचनांचे बल कितपत, याची कसून छाननी करणाऱ्यांत विश्वनाथ नारायण ऊर्फ रावसाहेब मंडलिक (१८३३–१८८९) यांची गणना करावी लागते.

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड हे त्यांचे जन्मगाव. एल्फिन्स्टनमधील शिक्षण, काही काळ सरकारी नोकरी, पुढे मुंबई हायकोर्टातील वकिली आणि १८६४ मध्ये 'नेटिव्ह ओपिनियन' पत्राची स्थापना, असा त्यांचा क्रम झाला. १८७४ मध्ये ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात आले, १८८४ मध्ये गव्हर्नर-जनरलच्या. त्या काळी सभासद निवडून येत नसत, नेमले जात. या दोन नेमणुकांच्या दरम्यान, १८८० साली, त्यांनी नीळकंठभट्टाचा व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृती हे ग्रंथ मूळ संहिता व इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूखाचे प्रामाण्य मोठे; कोल्हापूरकडे मात्र मिताक्षरा प्रमुख आणि मयूख तिच्या मागून.

भाषांतरापेक्षाही या ग्रंथाची परिशिष्टे अधिक मोलाची वाटतात. निरनिराळ्या ज्ञातींत प्रत्यक्ष आचार कसा चालतो हे मंडलिकांनी त्यांत नोंदविले, आणि दत्तकासंबंधीची निषेधवचने उपदेशपर आहेत, ती मोडल्याने दत्तक रद्द होत नाही, असे प्रतिपादन केले. पोथीपेक्षा लोकाचार बलवत्तर, ही त्यांची भूमिका. ती दत्तकाच्या बाबतीत उदार ठरली खरी. पण मलबारींनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध कायद्याची मागणी मांडली, तेव्हा त्याच आचाराच्या कैवाराने मंडलिकांना विरोधकांत नेऊन बसविले. त्या आचारात भरडल्या जाणाऱ्या मुलींचे म्हणणे कोणत्याच परिशिष्टात येणे शक्य नव्हते.

दत्तक घेणाऱ्यास जिच्याशी ती कुमारिका असतानाही शास्त्रतः विवाह करता आला नसता, तिचा पुत्र द्विजांनी दत्तक घेऊ नये, हा नियम प्रिव्ही कौन्सिलने १८९९ मध्ये बंधनकारक ठरविला. विरुद्ध रूढी सिद्ध केल्यासच सुटका. मंडलिक तेव्हा हयात नव्हते. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात हा निषेध उरला नाही.