मुहमालैचं दाताळं

सुरुंग काढणं म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो डिटेक्टर फिरवणारा सैनिक. उत्तर श्रीलंकेत मात्र या कामाचं एक मुख्य हत्यार म्हणजे बागेतलं दाताळं, आणि ते धरणारे हात पुष्कळदा गावातल्याच तमिळ बाईचे असतात.

किलिनोच्ची जिल्ह्यातलं मुहमालै हे जाफन्याकडे जाणाऱ्या ए-९ रस्त्यावरचं ताडांचं, रेताड मातीचं गाव. यादवी युद्धात एप्रिल २००० मध्ये जवळचा एलिफंट पासचा लष्करी तळ तमिळ वाघांनी (एलटीटीई) घेतला. त्यानंतर २००९च्या सुरुवातीपर्यंत वाघ आणि लष्कर या पट्ट्यात समोरासमोर ठाण मांडून होते. दोघांनीही आपापल्या मोर्चापुढे सुरुंग पेरले. लष्कराचा पाकिस्तानी बनावटीचा ‘पी-४’, तर वाघांचा त्याच्यावरून बेतलेला ‘रंगन-९९’. दोन्ही प्लॅस्टिकचे, धातू नावापुरता. डिटेक्टर तो नावापुरता धातू पकडण्याइतका तिखट ठेवावा, तर वर्षानुवर्षं गोळे झेललेल्या या मातीतला प्रत्येक छर्रा आणि काडतुसाची प्रत्येक पुंगळी ओरडायला लागते.

यावर नॉर्वेजियन पीपल्स एड या संस्थेच्या लोकांनी २००२च्या शस्त्रसंधीनंतर जाफन्यात दाताळ्याची पद्धत बसवली. दाताळी दोन: जड दाताळं घट्ट माती फोडायला, हलकं ती ओढून चाळायला. सुरुंग फुटतो तो वरून दाब पडल्यावर. म्हणून आधी सुरक्षित जागेत चर खणायचा आणि तिथून समोरच्या मातीची भिंत थोडी थोडी आपल्याकडे ओढत जायचं. म्हणजे सुरुंग कडेनं उघडा पडतो, माथ्याला धक्का न लागता. चेहऱ्यावर जाड पारदर्शक ढाल, अंगावर जड एप्रन, वर उत्तरेचं ऊन. झुडपं छाटायची, सापळ्याच्या तारा नाहीत ना ते पाहायचं, मग ओढायचं. शेजारणीपासून अंतर ठरलेलं, विश्रांती सक्तीची, जवळ रुग्णवाहिका उभी. सुरुंग दिसला की हात थांबतो. खूण करून पर्यवेक्षकाला बोलवायचं. पुढे तो सुरुंग बहुधा जागीच उडवतात.

लष्करी सुरुंग रांगेत असतात, म्हणून पुढचा कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. खरी डोकेदुखी रांगेतला एखादा जागेवर सापडत नाही तेव्हा. तो फुटून गेला, पावसानं सरकला, की कुणी उपसून दुसरीकडे पुरला? उत्तर मिळेपर्यंत आसपासची माती उकरणं आलं. या कामात डावपेच असे नसले तरी चिकाटी अफाट लागते, आणि तिचं कौतुक फारसं होत नाही.

आपल्याकडे सुरुंग काढण्याची शौर्यकथा आहे ती कारवारच्या राम राघोबा राणे यांची. बॉम्बे सॅपर्सच्या या अधिकाऱ्यानं एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवर गोळीबारात रणगाड्यांसाठी रस्ता मोकळा केला आणि परमवीर चक्र मिळवलं. पण ते काम वेगळ्या जातीचं. रणगाड्याला एक वाट पुरते. शेतकऱ्याला अख्खं शेत लागतं, बांधासकट, विहिरीच्या काठासकट. शंभरातले नव्व्याण्णव काढले तरी त्या शेतात पोर पाठवता येत नाही. (भारत अजून १९९७च्या ओटावा सुरुंगबंदी करारात नाही, हेही इथे नोंदवायला हवं.)

मुहमालैत शेतं मोकळी करण्याचं हे काम मुख्यतः हेलो ट्रस्ट या सुरुंग काढणाऱ्या संस्थेनं उचललं, भरती आसपासच्या गावांतून केली. युद्धात नवरा गेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या बायकांना या भागात बारमाही पगाराचं दुसरं काम मिळणं कठीण. त्यामुळे धोकादायक वाटणारी ही नोकरी अनेक घरांचा सर्वांत भरवशाचा आधार ठरली. बाहेरचे पाहुणे त्यांच्या धैर्याविषयी विचारतात. माझ्या मते पगाराविषयी विचारलं तर जास्त कळेल.

श्रीलंका डिसेंबर २०१७ मध्ये ओटावा करारात सामील झाली, आणि सगळी सुरुंगग्रस्त जमीन साफ करण्याची तिची पहिली मुदत जून २०२८ ची होती. जमीन जसजशी मालकांच्या ताब्यात जाते, तसतसं काढणाऱ्यांचं काम आटत जातं. परदेशी मदत कमी झाली की ते आणखी लवकर आटतं. काढणाऱ्यांपैकी काहींची स्वतःची जमीन आहे, काहींची नाही. दुसऱ्या गटासाठी शिवणकाम, शेळ्या, छोटा धंदा असले पर्याय सुचवले जातात, पण दरमहा पगाराची बरोबरी त्यातलं क्वचितच काही करतं.