चिमुकलं यकृत, मोठ्ठं काम!

दोस्तांनो, अलिबाग-मुरुडकडे घरात मटण शिजलं, की कलेजी कुणाच्या ताटात जाणार यावरून भावंडांची जुंपतेच! ही कलेजी म्हणजे बकऱ्याचं यकृत. आपल्याही पोटात, उजव्या बरगड्यांखाली एक यकृत असतं. भातातली साखर साठवायची, लागेल तशी रक्तात सोडायची, चरबीचा हिशेब ठेवायचा, ही त्याची कामं. हिशेब चुकला, की चरबी यकृतातच साचते. मग ते सुजतं, हळूहळू कडक होतं.

'हा तर लठ्ठ माणसांचा आजार!' असं म्हणू नका बरं का. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आतून चरबी. आपल्याकडे असं पुष्कळांचं असतं.

मग औषध शोधायचं कसं? माणसाचं यकृत रोज कापून बघता येत नाही, आणि उंदराचं यकृत माणसासारखं वागेलच असं नाही.

वाट दाखवली जपानच्या शिन्या यामानाका यांनी. २००७ मध्ये त्यांनी माणसाच्या त्वचेतल्या पेशींना जणू पुन्हा 'बाळ' केलं. अशा पेशींपासून हवी ती पेशी घडवता येते. २०१२ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात ताकानोरी ताकेबे आणि सहकाऱ्यांनी अशाच पेशींपासून इवलीशी यकृतं वाढवली. त्यांना स्निग्ध आम्ल पाजलं, तर ती खरोखरच सुजली, कडक झाली! मग वोलमन नावाच्या आजाराच्या रुग्णांच्या पेशी घेतल्या. या आजारात चरबी फोडणारं एक विकर जन्मापासूनच नसतं. उपचार न मिळाल्यास बाळं बहुधा वर्षभरही जगत नाहीत. त्यांच्या पेशींच्या यकृतात चरबी भराभर साचली. एफजीएफ-१९ हे प्रथिन दिल्यावर ती कमी झाली. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

अर्थात, बशीतल्या यकृतातून रक्त वाहत नाही, त्याला पोट नाही की हृदय नाही. म्हणून औषध शेवटी माणसांवर तपासावंच लागतं. पण निरुपयोगी औषधं आधीच गाळता येतात. भारतानेही २०२३ मध्ये नियम बदलून अशा चाचण्यांना वाट मोकळी केली.

आई-बाबा, मूल काटकुळं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आणि दोस्तांनो, किनारा जवळच आहे. संध्याकाळी टीव्ही बंद करा आणि वाळूत मनसोक्त पळा!